घराआधी जागा

पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचे नाव मिळाले, ते जुने आंबेगाव आज पाण्याखाली आहे. घोड नदीवर डिंभे धरण झाले, खोऱ्यात पाणी साठले आणि गाव तळाशी गेले. एखाद्या कडक उन्हाळ्यात पाणी फार उतरले, तर जुन्या देवळांचे अवशेष उघडे पडतात. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो, मोठा बाजार मंचरला आहे. शेजारच्या जुन्नर तालुक्यात येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे ही चार धरणे आहेत. डिंभे धरून ही पाच धरणे म्हणजे कुकडी प्रकल्प. शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंतची शिवारे या पाण्यावर भिजतात. त्यासाठी इथल्या खोऱ्यांतली सपाट, गाळाची जमीन गेली आणि त्या जमिनीवरची घरेही गेली.

या भागातल्या घरांच्या प्रश्नाकडे मी इथूनच पाहतो. परवडणारे घर म्हटले की सरकार अनुदानाचा आकडा सांगते आणि आपणही तोच विचारतो. किती मिळाले? कितीचा हप्ता अडला? आकडा महत्त्वाचा आहेच. पण जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरात त्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो: हे घर उभे राहायचे ते कोणाच्या आणि कशा जमिनीवर? धरणाने खोरे घेतले, भीमाशंकर अभयारण्याने आणि राखीव वनाने माथा घेतला. मध्ये उरला तो उतार. धरणाच्या पाण्यामुळे उठलेली काही महादेव कोळी कुटुंबे दूरच्या पुनर्वसनाच्या जमिनीवर न जाता वरच्या अंगाला सरकली आणि उतारावरच घर करून राहिली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने १९७६ मध्येच केला होता. पण कागदावरची पर्यायी जमीन आणि माणसाला जगवणारे रान यांत अंतर राहिले. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या 'शाश्वत' संस्थेने डिंभ्याच्या काठावरच्या या लोकांबरोबर अनेक वर्षे काम केले. जलाशयातल्या मासेमारीचा हक्क आणि उतारावर भाताची खाचरे काढण्याची 'पडकई', असे दोन्ही बाजूंचे ते काम होते.

आता अनुदानाचा हिशेब मांडू, कारण तो नीट मांडल्याशिवाय जागेचे मोल कळत नाही.

खेड्यातल्या गरिबाला घर देण्याची केंद्राची योजना १९८५-८६ मध्ये इंदिरा आवास या नावाने सुरू झाली. २०१६ पासून तिची जागा प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) हिने घेतली. लोक मात्र या सगळ्याला एकच नाव देतात: घरकुल. घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. अनुदान सपाट भागात १ लाख २० हजार रुपये, डोंगरी आणि दुर्गम म्हणून ठरवलेल्या भागांत १ लाख ३० हजार. शौचालयाचे १२ हजार वेगळे. रोजगार हमीतून स्वतःच्याच घरावर ९० दिवसांची मजुरी मिळते. २०२५-२६ मधल्या ३१२ रुपये दराने ती २८,०८० होते. २०२५ मध्ये राज्य सरकारने आणखी ५० हजारांची भर जाहीर केली, त्यातले १५ हजार छतावरच्या सौरऊर्जेसाठी. सपाट भागाचा दर धरून ही सगळी बेरीज २ लाख १० हजार ८० रुपये होते. २६९ फुटांवर वाटली तर फुटाला सुमारे ७८१ रुपये पडतात. एवढ्या पैशात पाया, भिंती, स्लॅब, दारे-खिडक्या आणि शौचालय पुरे करून देणारा गवंडी महामार्गावरच्या नारायणगावातही मिळणार नाही, मग डोंगरात आहुप्याच्या किंवा नाणेघाटाच्या बाजूला कुठून मिळणार? तिथे विटा, सिमेंट, सळई यांच्या किमतीत गाडीभाडे मिसळते आणि रस्ता संपतो तिथून पुढे डोक्यावरून वाहण्याची मजुरी. राज्याच्या २०२५ च्या वाळू धोरणात घरकुलाला ५ ब्रास वाळू मोफत देण्याची तरतूद आली, ती चांगलीच आहे. पण वाळू फुकट मिळाली तरी तिची वाहतूक फुकट होत नाही. तुलनेसाठी केरळ पाहा. तिथल्या 'लाइफ मिशन'मध्ये घरामागे ४ लाख रुपये धरले आहेत आणि आदिवासी वस्त्यांसाठी त्याहून अधिक.

पैसे हप्त्याने येतात. मंजुरीबरोबर पहिला हप्ता १५ हजारांचा, नंतरचे हप्ते जोते, भिंती, छत अशा टप्प्यांवर. प्रत्येक टप्प्याचा फोटो जागेवर उभे राहून मोबाइलवर चढवायचा. चोरी थांबवायला ही पद्धत उपयोगी आहे, हे मान्य करायला हवे. पूर्वी कागदावर बांधलेली घरे आता बांधता येत नाहीत. पण भीमाशंकरच्या डोंगरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि बांधकामाला मिळतात ते दिवाळीनंतरचे सहा-सात महिने. हप्ता मार्चऐवजी मेअखेर आला, तर अर्ध्या भिंती पावसाळाभर उघड्या भिजतात. आंबेगाव तालुक्याच्याच पूर्वेला, लोणी-धामणीच्या बाजूला, उन्हाळ्यात प्यायला पाणी टँकरने येते. तिथे अडचण उलटी: भिंतीवर मारायला पाणी नाही. एकाच पंचायत समितीच्या हद्दीत दोन वेगळी हवामाने आहेत आणि योजनेचे वेळापत्रक एकच आहे.

तरीही हे सारे ज्याच्या नावावर जागा आहे त्याचे दुखणे. ज्याला जागाच नाही, त्याचे नाव यादीत येऊनही मंजुरी पुढे सरकत नाही, कारण ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर त्याच्या नावाने काही नसते. ही अडचण सरकारला ठाऊक आहे. २०१५ पासून पंडित दीनदयाल उपाध्याय यांच्या नावाने घरकुलाची जागा खरेदी करण्यासाठी अर्थसाहाय्याची योजना आहे. आधी ५० हजार मिळत, पुढे ती मर्यादा १ लाख झाली. पुणे-नाशिक महामार्गावरच्या गावांत या रकमेने काय मिळते, ते तिथल्या कोणालाही विचारा. नारायणगाव आणि आळेफाटा इथे बाजारपेठेमुळे जमिनीचे भाव शहरासारखे झाले आहेत. नारायणगावचा कारभार मात्र ग्रामपंचायतीचा, त्यामुळे अनुदान खेड्याचे. जुन्नर शहरात नगरपरिषद असल्याने शहरी आवास योजनेत घरामागे केंद्र आणि राज्य मिळून अडीच लाख मिळतात. भाव शहराचा आणि मदत खेड्याची, अशा कात्रीत नारायणगावचा मजूर सापडतो.

जुन्नर शहराची अडचण आणखी वेगळी. शिवनेरीच्या पायथ्याशी वसलेले, सातवाहन काळापासून नाणेघाटाच्या व्यापारावर वाढलेले हे गाव आहे. शिवनेरी, तुळजा, मानमोडी, लेण्याद्री अशी लेणी त्याच्या चहूबाजूंना आहेत. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम बंद आणि त्यापुढे २०० मीटर परवानगीशिवाय काही करता येत नाही, असे २०१० च्या केंद्रीय दुरुस्तीने ठरले. वारसा जपायलाच हवा. पण त्या पट्ट्यातल्या जुन्या पडक्या घरात राहणाऱ्या कुटुंबाला दुरुस्तीची परवानगी लवकर मिळेल आणि जवळच पर्यायी जागा मिळेल, हेही जपण्याचाच भाग मानला पाहिजे.

जागा मिळवण्याच्या वाटा कायद्यात नाहीत असे नाही. गावठाणातल्या घरांची ड्रोनने मोजणी करून मालमत्तेची सनद देण्याची 'स्वामित्व' योजना २०२० मध्ये सुरू झाली. तिचा महाराष्ट्रातला पहिला प्रयोग पुणे जिल्ह्यातच, पुरंदरच्या सोनोरीत झाला होता. तुकडेबंदी कायद्यामुळे गुंठा-अर्धा गुंठा विकत घेता येत नव्हता, त्यात घरकुलासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने सवलत आली. सरकारी जागेवरची १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय झाला. वनहक्क कायदा २००६ मध्ये आला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आणि तिथे राहणाऱ्या आदिवासींना त्याने हक्क दिला आणि तो हक्क शेतीइतकाच राहण्याच्या जागेचाही आहे. ही गोष्ट दावा भरताना अनेकदा विसरली जाते. शेताचे क्षेत्र लिहिले जाते, घराचे राहून जाते. पुढे घरकुल मंजूर झाले की वनखाते विचारते, बांधकामाची परवानगी कुठे आहे? दावा भरतानाच घराखालची जागा नकाशात दाखवली तर हा प्रश्न उद्भवत नाही.

कातकऱ्यांची स्थिती याहून बिकट. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती विशेष असुरक्षित मानल्या जातात. त्यांच्यासाठी नोव्हेंबर २०२३ पासून 'पीएम-जनमन' योजना आली आणि घरासाठी २ लाख रुपये ठरले. पण कातकरी वस्ती बहुधा दुसऱ्याच्या रानाच्या कडेला असते. मालकाने कधी काळी राखणीसाठी, मजुरीसाठी बसवलेली, आणि त्याचा कागद नाही. इथे एक जुना कायदा कामी येतो. १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमानुसार मालकाच्या जागेवर स्वतःच्या खर्चाने घर बांधून राहणारे कूळ, शेतमजूर किंवा गावकारागीर यांना त्या घरातून सहजासहजी काढता येत नाही. ती जागा विकायची झाली तर पहिला हक्क राहणाऱ्याचा. घोडेगावला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, तालुक्यांना तहसीलदार आहेत. घरकुलाच्या मंजुरीआधी वस्तीनिहाय हे दावे चालवले, तर जनमनचे दोन लाख खऱ्या घरापर्यंत पोचतील.

जागा म्हणजे कुठलीही जागा नव्हे, हे शिकवले आंबेगाव तालुक्यातल्या माळीणने.

३० जुलै २०१४ ची सकाळ. रात्रभर पाऊस कोसळत होता. माळीण गावावरचा डोंगराचा भाग सुटला आणि माती, दगड, झाडे यांचा लोंढा चाळीसहून अधिक घरांवर आला. त्या मार्गावरच्या एसटीच्या चालकाला रोजच्या जागी गाव दिसले नाही, तेव्हा बाहेरच्या जगाला बातमी कळली. १५१ माणसे गेली. काहीजण शेतावर, काही पोटासाठी बाहेरगावी होते, म्हणून वाचले. पश्चिम घाटाचा हा कातळ लाव्ह्याच्या थरांचा, वरची कातडी कुजलेल्या मुरमाची आणि मातीची. दीर्घ पावसाने ती कातडी पाणी पिऊन जड होते आणि खालच्या टणक थरावरून घसरते. उतारावर केलेले फेरफार, पाण्याच्या नैसर्गिक वाटा बुजणे, झाडी कमी होणे यांनी धोका वाढतो. माळीणनंतर यंत्राने केलेल्या पडकईवर बराच वाद झाला. हाताने, पिढ्यान्‌पिढ्या, पाण्याची वाट सांभाळून काढलेले खाचर वेगळे आणि काही दिवसांत यंत्राने कापलेला उतार वेगळा, हा भेद त्या वादात नीट ठेवला गेला नाही. सगळा दोष आदिवासी शेतीवर टाकणे मला अन्यायाचे वाटते.

वाचलेली कुटुंबे जवळपास तीन पावसाळे पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत राहिली. नवी जागा शोधणे हेच सर्वांत अवघड ठरले. ती उतारावर नको, शेतापासून फार लांब नको, वनखात्याची नको, पाण्याची सोय हवी आणि मालक विकायला तयार हवा. शेवटी जवळच्याच आमडे गावच्या हद्दीत आठ एकर जमीन मिळाली. तिथे ६७ घरे, शाळा, ग्रामपंचायत, समाजमंदिर, गोठे अशी वसाहत झाली आणि २ एप्रिल २०१७ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते ती लोकांच्या हाती आली. घरे भूकंपरोधक, घरकुलाच्या मापापेक्षा मोठी. सरकारने ठरवले तर डोंगरातल्या माणसाला चांगले घर देता येते, हे तिथे दिसते.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला. जमीन सपाट करताना घातलेला भराव बसला. रस्ते खचले, गटारे फुटली, जोत्यांभोवती भेगा दिसल्या. घरे मजबूत असल्याचे प्रशासनाने सांगितले आणि दुरुस्त्याही झाल्या. पण एकदा डोंगर अंगावर आलेल्या माणसाला पायाखालची भेग म्हणजे काय वाटले असेल? काही कुटुंबे भीतीने जुन्या पत्र्याच्या शेडकडे परतली. भराव घातल्यावर त्याला एक-दोन पावसाळे बसू द्यावे, मग बांधकाम करावे, हे जुना गवंडीही सांगतो. उद्घाटनाच्या तारखेची घाई आणि भरावाची गती यांचा मेळ बसला नाही. पुढच्या प्रत्येक पुनर्वसनाच्या आराखड्यात हे पहिल्या पानावर असले पाहिजे.

माळीण हा एकटा प्रसंग नाही. महाडजवळचे तळीये २०२१ मध्ये गेले, खालापूरची इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री गेली. माळीणनंतर झालेल्या पाहण्यांत एकट्या पुणे जिल्ह्यात वीसहून अधिक गावे-वाड्या दरडीच्या धोक्यात असल्याचे नोंदले गेले, त्यांत आंबेगाव-जुन्नरच्याही वाड्या आहेत. तरीही या वाड्यांतल्या माणसाचे घरकुल मंजूर होते ते त्याच जुन्या जागेवर, कारण उतारा तिथलाच आहे. एक खाते जागा धोक्याची म्हणून यादीत घालते आणि दुसरे खाते त्याच जागेवर पक्के घर बांधायला पैसे देते. पक्के घर झाल्यावर माणूस तिथून हलणार कसा? घरकुलाची यादी आणि दरडप्रवण गावांची यादी एकमेकींशेजारी ठेवणे, हे काम एका दिवसाचे आहे आणि त्याला वेगळा निधी लागत नाही.

हलवायचे तर कसे हलवायचे, याचा धडा लातूरने दिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवमधली ५२ गावे नव्या जागी बसवली. जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे दिली. काम प्रचंड होते आणि त्याचे कौतुक व्हायलाच हवे. पण अनेक गावांत सरळ रेघांचे रस्ते आणि शहरी वसाहतीसारखा पसारा झाला. शेत लांब गेले, भावकीचे घर दुसऱ्या टोकाला गेले आणि जनावर कुठे बांधायचे हा प्रश्न उरला. लोकांनी मग आपल्या हाताने पुढे पडव्या आणि मागे गोठे जोडले.

आपल्याकडच्या डोंगरातले जुने घर पाहिले की पडवी-गोठ्याची ही गरज कळते. कारवीच्या काड्यांचा कूड, त्यावर माती-शेणाचा लेप, वर उतरते कौलारू छप्पर, पुढे ओटा, बाजूला पडवी. आत एका अंगाला जनावरे, वर माळ्यावर भाताचे पेंढे आणि लाकूडफाटा, कोपऱ्यात कणगी. पावसाळ्यात चार महिने चुलीचा धूर छपराला कोरडे ठेवतो आणि माळ्यावरच्या धान्याला कीड लागू देत नाही. घरकुलाच्या २६९ फुटांत हे काहीच मावत नाही. सपाट स्लॅबवर पाणी साचते, भिंतींना ओल धरते, धूर कोंडतो. म्हणून पश्चिम पट्ट्यात स्लॅबच्या घराशेजारी जुने कौलारू छप्पर तसेच ठेवलेले दिसते. लोक झोपायला एकात जातात, जगायला दुसऱ्यात. योजनेच्या नियमात स्थानिक साहित्य आणि स्थानिक नमुने वापरायला मुभा आहे. उतरते छप्पर, रुंद पडवी आणि दगडी जोते असलेला आराखडा पंचायत समितीच्या भिंतीवर लागला पाहिजे आणि ग्रामीण गृहनिर्माण अभियंत्याने तो लाभार्थ्याला समजावून दिला पाहिजे. त्याचा खर्च फार वाढत नाही, आणि घर वापरले जाते.

पूर्वेच्या बागायती पट्ट्यात घराचा अर्थ आणखी एक आहे. ऊस, टोमॅटो, कांदा आणि द्राक्षांच्या या भागात उसाच्या आधाराने बिबट्या स्थिरावला आहे. माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र आहे, इतका हा प्रश्न इथे रोजचा झाला आहे. हल्ल्यांची झळ सर्वांत जास्त कोणाला बसते? शेताच्या कडेला पालात, कोपीत, उघड्या पडवीत झोपणाऱ्याला. ऊसतोड मजूर, मेंढपाळ, डोंगरातून सहा महिने मजुरीला उतरलेली ठाकर आणि महादेव कोळी कुटुंबे यांना. त्यांच्या गावी घरकुल असेलही, पण ज्या महिन्यांत ते इथे राबतात तेव्हा डोक्यावर पाचटाचे छप्पर असते आणि लहान मूल रात्री शौचाला उसाच्या कडेला जाते. साखर कारखाने आणि बाजार समित्या यांनी हंगामी मजुरांसाठी बंद दाराच्या, दिवा आणि शौचालय असलेल्या सामूहिक खोल्या उभ्या केल्या, तर ते परवडणारे घरच ठरेल. आपल्या योजना घर मालकीचे धरतात. भाड्याचा, हंगामी निवारा त्यांच्या हिशेबात फार कमी येतो.

मग तालुक्याने काय करावे? माझ्या मते सुरुवात जमिनीच्या नोंदवहीपासून व्हावी. प्रत्येक गावात गावठाणालगतची, दरडीच्या यादीबाहेरची, पाणी-रस्ता जवळ असलेली सरकारी आणि विकत मिळू शकणारी जमीन किती, हे तलाठी, ग्रामसेवक आणि वनरक्षक यांनी एकत्र फिरून लिहावे. एकेका कुटुंबाला लाख रुपये हातात देऊन जागा शोधायला पाठवण्यापेक्षा दहा-बारा कुटुंबांची रक्कम एकत्र करून ग्रामपंचायतीने एकसलग तुकडा घेतला, तर भाव कमी पडतो, रस्ता आणि नळ एकदाच टाकावे लागतात आणि वस्ती एकत्र राहते. गायरान द्यायचे तर गुरांचा चराऊ भाग आधी राखून ठेवावा, कारण गायरान गेले की भूमिहीनाचीच शेळी उपाशी राहते. डोंगरी वाड्यांना डोंगरी दराने अनुदान द्यावे आणि हप्ते पावसाच्या दिनदर्शिकेप्रमाणे सोडावेत.

१ मे आणि १५ ऑगस्टला गावोगाव ग्रामसभा भरतात. घरकुलाची यादी तिथे वाचली जाते, नाव आले की लोक उठून जातात. वाचकांना माझे सांगणे एवढेच, की यंदा यादी वाचून झाल्यावर उठू नका. ज्यांच्या नावापुढे जागा नाही असे लिहिले आहे, ती नावे वेगळी वाचायला लावा. त्यांच्यासाठी गावात कोणती जमीन आहे, ती दरडीच्या यादीत आहे का आणि ती कधी मिळणार, याचा ठराव त्याच सभेत लिहून घ्या, आणि त्यावर तारीख घाला.